कावसजीचे नाक आणि खैराचा कात

लंडन शहरात 'जंटलमन्स मॅगेझिन' नावाचे एक जुने मासिक निघत असे. त्याच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. पत्राखाली पुरते नाव नाही, 'बी. एल.' एवढी दोनच अक्षरे आहेत. हिंदुस्थानातल्या एका स्नेह्याने कळवलेली हकीकत म्हणून हे पत्र छापले होते. बरोबर एक चित्र होते, आणि कापाकापीची रीत दाखवणाऱ्या काही आकृत्या. हकीकत पुण्याची होती, आणि ती होती नाकाची.

आपल्याकडे एखाद्याची अब्रू गेली म्हणजे आपण म्हणतो, त्याचे नाक कापले गेले. आज ती बोलण्याची रीत आहे. त्या काळी ती शब्दशः खरी होती. वैऱ्याचे, कैद्याचे, गुन्हेगाराचे नाक कापीत. माणूस मरत नसे, पण चारचौघांत तोंड दाखवण्याजोगाही राहत नसे. पत्रातला माणूस अशांपैकीच एक. त्याचे नाव इंग्रजीत 'कावसजी' असे छापले आहे. जात शेतकऱ्याची, म्हणजे आपल्या भाषेत कुणबी. टिपू सुलतानाशी इंग्रज, मराठे आणि निजाम यांचे जे युद्ध १७९२ मध्ये संपले, त्यात हा इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले आणि एक हातही तोडला, असे पत्रात म्हटले आहे. पुढे तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या पलटणीत येऊन मिळाला आणि कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिले.

जाता जाता नावाविषयी. कावसजी हे नाव ऐकताच आपल्याला पारशी गृहस्थ आठवतो; पण पत्र स्पष्ट सांगते की हा मराठा शेतकरी. माझा तर्क असा की मूळ नाव 'कावजी' असावे. कावजी हे आपल्याकडचे जुने, चालते नाव. साहेबाच्या कानावर ते पडले आणि कागदावर त्याचे कावसजी झाले. पण इतिहासात तो कावसजी म्हणूनच शिरला, तेव्हा आपणही तेच नाव ठेवू.

वर्षभराहून अधिक काळ हा माणूस नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. तो माणूस वैद्य नव्हता, शास्त्री नव्हता, फिरंगी डॉक्टर तर नव्हताच. पत्र म्हणते, तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता. आपल्याकडे विटा पाडणारा म्हणजे बहुधा कुंभार. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया होताना डोळ्यांनी पाहिली होती, असा पत्रात दाखला आहे.

पुणे तेव्हा कसे होते? गादीवर सवाई माधवराव पेशवे, कारभार नाना फडणविसांच्या हाती. हे पेशव्यांचे घराणे मूळचे आपल्या श्रीवर्धनचे, हे रायगडच्या किनाऱ्यावरल्या वाचकांना सांगायला नको. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट संगमावर राहत असे. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉट चित्रकार पुण्यात आला होता. त्याने सवाई माधवरावांचे आणि नानांचे चित्र काढले, आणि त्याच हाताने या बैल हाकणाऱ्या कावसजीचेही काढले. पेशव्याच्या चित्रकाराने एका कुणब्याचे चित्र काढावे, असा त्या नव्या नाकाचा महिमा होता.

आता रीत कशी होती ते ऐका, कारण खरी गोष्ट तिच्यातच आहे. आधी मेणाचा एक पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या थोटकावर बसवायचा आणि बोटांनी दाबून त्याला नाकाचा आकार द्यायचा. आकार मनासारखा झाला की तो पत्रा पुन्हा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. मेणाचे काम संपले. मग त्या रेघेवरून कपाळाची कातडी कापून सोडवायची, पण सगळी नव्हे. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता ठेवायची. फळाला जसा देठ, तसा हा त्या कातडीचा देठ. त्यातून तिला रक्त मिळत राहते. नाकाच्या थोटकावरचा जुना व्रण खरवडून ओला करायचा, नाकपुड्यांच्या बाजूने आणि वरच्या ओठावर बारीक चीर घ्यायची. मग कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या.

आणि जोड पक्का कशाने करायचा? टाके नाहीत. कात पाण्यात मऊ करायचा, कापडाच्या पट्ट्यांवर माखायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक जोडावर बसवायच्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. नंतर त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या ठेवायच्या. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास दोन भुवयांमधला देठ कापून टाकायचा आणि नाक थोडे साफसूफ करायचे. झाले. कपाळावरचा वणही काही काळाने फारसा दिसत नाही, असे पत्र म्हणते.

आमच्या कोकणातल्या आंब्याच्या बागाइतदाराला यात नवल वाटणार नाही. भेट कलम कसे बांधतात? कुंडीतले किंवा पिशवीतले रायवळ रोप हापूसच्या झाडाजवळ नेतात. रोपाची आणि फांदीची थोडी थोडी साल तासून जखमेला जखम भिडवतात आणि घट्ट बांधतात. पण हापूसची फांदी लगेच तोडत नाहीत. ती आपल्या आईच्या अंगावरच राहते, तिचाच रस पिते. दोन्ही जीव एक झाले, अशी खात्री पटली म्हणजे मग खालून कापतात. घाई केली तर फांदी वाळते. पुण्याच्या त्या कारागिराने माणसाच्या तोंडावर हेच भेट कलम केले. पंचविसाव्या दिवसापर्यंत थांबणे हे त्याचे खरे शहाणपण. कापणे अनेकांना येते.

आणि साहित्य पाहा. मेण, कात, कापड, तूप. यांतली एकही वस्तू नाकात राहिली नाही. मेण घटकाभर राहिले, कात चार दिवस, तूप आणि चिंध्या त्यापुढे थोडे दिवस. नाक घडले ते कावसजीच्या स्वतःच्या मांसाचे. घराच्या स्लॅबला सेंटरिंग लावतात ना, तसे हे. फळ्या आणि खांब हे काही घर नव्हे. पण ते नसतील तर काँक्रीट खाली येईल, आणि ते कधीच काढले नाहीत तर घरात राहता येणार नाही. आज जगभरच्या प्रयोगशाळांत मोडलेली हाडे, जळालेली कातडी, झिजलेली कूर्चा पुन्हा वाढवण्यासाठी जे साहित्य शोधले जाते, त्याला बायोमटेरियल म्हणतात. मराठीत जैवसाहित्य म्हणू. त्या साहित्यापुढचा मोठा प्रश्न हाच आहे: शरीर आपले काम पुरे करीपर्यंत टेकू द्यायचा कसा, आणि वेळ झाली की निघून जायचे कसे.

त्या कारागिराचे नाव काय, असे तुम्ही विचाराल. ते पत्रात नाही. रोग्याचे नाव आहे, पाहणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची नावे आहेत, चित्रकाराचे ठाऊक आहे. ज्याच्या हाताने नाक झाले त्याची फक्त जात लिहून ठेवली आहे. इंग्रजांनी विचारले नाही, हे एक. पण आपणही लिहून ठेवले नाही. पेशवे दफ्तरात दमडी-दमडीचा हिशेब सापडतो. कोणाला किती शेर तांदूळ दिले ते सापडते. ही विद्या कोणी कागदावर उतरवल्याचे माझ्या वाचनात नाही.

नाक घडवण्याची कला आपल्याकडे नवी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ती सांगितलेली आहे. तिथे नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यायला सांगितले आहे आणि कातडी घ्यायची ती गालाची. नाकपुड्यांत नळ्या बसवायच्या, वर ज्येष्ठमधासारख्या औषधांची पूड टाकायची, कापसाने झाकून तिळाचे तेल शिंपडत राहायचे. आता या दोन रीती शेजारी ठेवून पाहा. पानाच्या जागी मेण आले. गालाच्या जागी कपाळ आले, आणि हा बदल लहान नव्हे. कपाळाच्या कातडीला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो आणि तिचा रंग-पोत नाकाशी जुळतो. आजचे सर्जनही नाकासाठी कपाळच पसंत करतात. म्हणजे पोथी आणि पुणे यांच्या मधल्या शतकांत कोणीतरी हात चालवत होते, अडत होते, सुधारत होते. मात्र पोथी एका घरात राहिली आणि सुरी दुसऱ्या घरात. ज्यांना सुश्रुत पाठ होता त्यांनी रक्ताला हात लावणे सोडले, आणि ज्यांचे हात चालत होते त्यांच्यापर्यंत अक्षर पोचू दिले नाही. आपल्या विद्येचे नुकसान परक्यांनी किती केले आणि या फाळणीने किती केले, याचा हिशेब शिक्षकांनी वर्गात मोकळेपणाने मांडावा असे मला वाटते.

लंडनला मात्र त्या छापील पानाने काम केले. जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने ही रीत अभ्यासली, प्रेतांवर सराव केला आणि ऑक्टोबर १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ती करून पाहिली. भूल तेव्हा सापडली नव्हती, हे ध्यानात घ्या. त्याने १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापले. दोन वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफेने आपले पुस्तक काढले. युरोपातली प्लास्टिक सर्जरी पुन्हा उभी राहिली ती येथून, आणि कपाळाच्या या रीतीला पाश्चात्त्य पुस्तकांत आजही 'हिंदी रीत' म्हणतात. इकडे काठेवाडात जुनागडच्या डॉ. त्रिभुवनदास शहांनी १८८९ मध्ये शंभर नाकांची हकीकत प्रसिद्ध केली, तोवर ही कला देशात जिवंत असल्याचा पुरावा मिळतो.

आता कातापाशी थोडे थांबू, कारण तो आपल्या जिल्ह्याच्या अंगणातला आहे. इंग्रजांच्या त्या पत्रात काताला 'टेरा जपोनिका' म्हटले आहे, म्हणजे जपानची माती. तो ना जपानचा, ना माती. खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळायचे, तो काढा आटवायचा आणि थिजू द्यायचा, हा कात. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, जो १९८१ पासून रायगड म्हणवतो, हा धंदा कातकऱ्यांचा. त्यांचे नावच काताने पडलेले. कावसजीच्या नाकाला लावलेला कात नेमका कोणत्या डोंगरातला, हे कोण सांगणार? पण सह्याद्रीच्या या उतारावर खैर होता आणि कातभट्ट्या होत्या, एवढे खरे. पुढे ब्रिटिश अमलात १८७८ चा जंगल कायदा आला, राने राखीव झाली, आणि कातकऱ्याचा कात सुटला. आज पेण, पनवेल, कर्जतकडे वीटभट्ट्यांवर विटा थापणाऱ्यांत कातकरी कुटुंबे मोठ्या संख्येने दिसतात. पावसाळा संपला की घराला काटी लावून ती निघतात, मुलांची शाळा सुटते. शिक्षक वाचकांना हे मी नव्याने सांगत नाही. पटावर नाव असलेले पोर दिवाळीनंतर कुठे जाते ते त्यांना ठाऊक आहे.

कात काय करतो? पान खाताना तोंड आवळल्यासारखे होते, तोच त्याचा गुण. त्यातली तुरट द्रव्ये प्रथिनांना धरून ठेवतात आणि आवळतात. कातडे कमावतात ते याच जातीच्या द्रव्यांनी. नायलॉनची जाळी येण्यापूर्वी कोळी लोक सुताची जाळी झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, ती कुजू नयेत म्हणून. तेही हेच काम. कातात माखलेली पट्टी वाळली की ताठ होते, जोड हलू देत नाही, आणि जखमेतले पाझरणे कमी करते. (म्हणून कोणी जखमेवर पानाचा कात थापू नये. त्या कारागिराचा हात आणि पानपट्टीचा डबा यांत अंतर आहे.)

पुढची गोष्ट मौजेची आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ राइन्श याने १८३९ मध्ये कातातल्या द्रव्याला उष्णता देऊन त्यातून एक नवा पदार्थ वेगळा केला. कातावरूनच त्याला 'कॅटेकॉल' हे नाव मिळाले. जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९८१ मध्ये, अमेरिकेत हर्बर्ट वेट आणि त्यांचे सहकारी एका शिंपलीच्या मागे लागले होते. भरतीच्या लाटा आपटत असताना ही शिंपली ओल्या खडकाला चिकटते कशी? आपल्याकडे खडपावरून शिनाणे ओढून काढताना बाया कोयत्याचे टोक का वापरतात, तोच प्रश्न. त्यांना आढळले की शिंपलीच्या डिंकातल्या प्रथिनात एक खास घटक आहे, आणि त्याची चिकटणारी बाजू म्हणजे कॅटेकॉलच. ओल्या जागी चिकटेल असा डिंक सर्जनला हवाच असतो, कारण शरीर आतून सगळे ओले. तेव्हापासून या कॅटेकॉलच्या आधारे जखमा सांधणारे आणि हाडाला चिकटणारे लेप बनवण्याचे प्रयोग देशोदेशी चालू आहेत. शोधणाऱ्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा जो शब्द येतो, त्यात खैराचा कात आहे.

कातडीचे झाले, आता हाड. हाडाची गोष्ट अधिक कठीण. कातडी वाकते, हाडाला भार वाहायचा असतो. हाड म्हणजे दगड, अशी आपली समजूत असते, पण ते जिवंत असते. शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करावा. कोंबडीच्या तंगडीचे एक हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे. त्यातला चुना विरघळतो आणि हाड रबरासारखे वाकते. उरते ते कोलॅजन नावाचे प्रथिन. दुसरे हाड निखाऱ्यात चांगले भाजावे. प्रथिन जळून जाते, आकार तसाच राहतो, पण दाबले की चुरा होतो. दोघांच्या जोडीत हाडाचे बळ आहे, भिंतीत जसे काठ्या आणि चिखल मिळून कूड होतो तसे.

मोडलेले हाड मुळात आपणच सांधते. मोडल्या जागी रक्त गोठते, त्यात आधी मऊ गाठ धरते, मग त्या गाठीत चुना भरतो, आणि पुढे कित्येक महिने शरीर तिला तासून पूर्वीचा आकार देत राहते. वैद्याने करायचे ते एवढेच, की टोके समोरासमोर आणून ती हलू द्यायची नाहीत. आपल्या गावोगावच्या हाडवैद्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बांबूच्या कामट्या, लेप, पट्टी. त्यांची निंदा करण्याची मला इच्छा नाही. डॉक्टर कोसावर नव्हता तेव्हा त्यांनीच हात-पाय वाचवले. पण पट्टी फार आवळली आणि बोटे थंड, काळीनिळी, बधिर झाली, तर हाताचे रक्त तुटते आहे असे समजावे. पट्टी त्याच क्षणी सैल करावी आणि इस्पितळ गाठावे. यात तासांचा हिशेब असतो. हाड कातडी फोडून बाहेर आले असेल, तर हाडवैद्याकडे जाऊच नये.

खरी अडचण येते ती हाडाचा तुकडाच नाहीसा होतो तेव्हा. अपघातात चुरा झाला, गाठ झाली म्हणून कापून टाकला, पू होऊन कुजला. खिंडार मोठे असेल तर दोन्ही टोकांचे हाड एकमेकांपर्यंत पोचत नाही. या खिंडारात घालायचे काय? १८८० च्या सुमारास ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेनने एका लहान मुलाच्या दंडात दुसऱ्या रोग्यांच्या हाडांचे तुकडे बसवले आणि हात वाचवला. १८९२ मध्ये जर्मनीत ड्रेसमानने हाडाच्या पोकळ्यांत चक्क प्लास्टर ऑफ पॅरिस भरले. ते काही आठवड्यांत विरघळून जाई, आणि काही पोकळ्यांत नवे हाड धरले. मधल्या काळात सर्जन लोक पोलाद वगैरे धातूंकडे वळले. धातू मजबूत खरा, पण शरीर त्याला पाहुण्यासारखे वागवते. भोवती एक पापुद्रा धरते आणि अंतर ठेवते.

हे अंतर तोडले ते एका काचेने. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा विद्यापीठाचे लॅरी हेंच काचेवर काम करणारे. १९६७ मध्ये बसच्या प्रवासात शेजारी एक लष्करी अधिकारी बसला होता, व्हिएतनामच्या युद्धावरून आलेला. हात-पाय गमावलेली पोरे त्याने पाहिली होती. शरीर झिडकारणार नाही असा एखादा पदार्थ तुम्हाला करता येईल का, असे त्याने विचारले. हेंचनी १९६९ मध्ये वाळू, सोडा, चुना आणि फॉस्फरस यांच्या विशिष्ट प्रमाणाची एक काच केली. उंदरांच्या हाडात तिचे तुकडे बसवले. सहा आठवड्यांनी पाहतात तो ते तुकडे उपटून निघेनात! काचेच्या पृष्ठावर हाडातल्यासारखाच चुन्याचा थर तयार झाला होता आणि हाडाने तो आपला मानला होता. १९८५ मध्ये या काचेचे कानातले बारीक हाड माणसाला बसवले गेले.

यानंतर शोधकांची नजर समुद्राकडे गेली. हाड आतून सच्छिद्र असते, आणि ती छिद्रे एकमेकांना मिळालेली असतात. त्यांतून रक्तवाहिन्या शिरतात. अशी नक्षी माणसाने कोरायची कशी? पोवळ्याने ती आधीच कोरून ठेवली आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत रॉय आणि लिनेहान यांनी पोवळे फॉस्फेटच्या द्रावणात दाबाखाली तापवले. छिद्रे जशीच्या तशी राहिली आणि चुनखडीचे रूपांतर हाडातल्या खनिजात झाले. २००५ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या आवेइरो विद्यापीठात हेच माकुलाच्या हाडावर करून पाहिले. माकुलाचे हाड कोणते ते किनाऱ्यावरल्या मुलांना विचारा. पावसाळ्यानंतर अलिबाग, नागाव, काशीदच्या वाळूवर ते होडीसारखे पांढरे, हलके तुकडे वाहून येतात. वैद्य त्याला समुद्रफेन म्हणतात, आणि पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला तो टांगतात. त्याचा एक तुकडा मोडून भिंगाखाली धरला तर मजल्यावर मजले आणि मध्ये बारीक खांब दिसतात.

पुणेही मागे राहिले नाही. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातल्या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरणारे सच्छिद्र साहित्य तयार करण्याचे काम झाले, आणि त्यातून 'सेरिजेन' ही कंपनी निघाली. पण एक गोष्ट सरळ सांगायला हवी. एवढे सगळे झाले, तरी मोठ्या खिंडारासाठी रोग्याच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या तुकड्याची सर अजून कशालाही पुरती आलेली नाही. त्या तुकड्यात जिवंत पेशी असतात, आणि पेशी काही काचेत किंवा पोवळ्यात सापडत नाहीत. वर्तमानपत्रात 'आता हाड उगवणार' असे मथळे येतात ते बेतानेच घ्यावेत.

घारापुरीच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे ट्रॉम्बे दिसते. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९७४ पासून कोबाल्टच्या गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करण्याचे केंद्र चालू झाले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतिपेढी निघाली. ऊती म्हणजे शरीराचे मांस, हाड, कातडी यांचे द्रव्य. दात्यांची हाडे, आणि बाळंतपणात टाकून दिली जाणारी वारेची पातळ त्वचा, तिथे स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांखाली धरून ठेवतात. ज्या वारेला आपल्याकडे खड्डा खणून पुरतात, तिचा पापुद्रा कोणाच्या तरी जळलेल्या अंगावर जखम झाकतो.

भाजलेल्या माणसाची स्थिती कावसजीहून बिकट. त्याच्याजवळ कपाळ तरी शाबूत होते. साठ टक्के भाजलेल्या बाईच्या अंगावर घ्यायला कातडी उरलेली नसते. उघड्या जखमेतून पाणी झिरपते, जंतू शिरतात. गरीब देशाला महागडी आवरणे परवडत नाहीत, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. वाडिया रुग्णालयाच्या डॉ. केसवानींनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी जखमेवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. साली ओलावा टिकवतात आणि पट्टी काढताना जखम ओरबाडली जात नाही. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली. त्यांचा निबंध २००३ चा. हे दोन्ही इस्पितळात, निर्जंतुक करून करायचे काम आहे. घरी भाजल्यावर पहिल्याप्रथम फक्त स्वच्छ थंड पाणी, आणि तेही निदान पंधरा-वीस मिनिटे. शाई नको, पीठ नको, टूथपेस्ट नको.

आणि आहे ती त्वचापेढी. सायनच्या रुग्णालयात ती २००० साली सुरू झाली. नव्या मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कातडी देता येते. रक्तगट जुळावा लागत नाही. लोकांना भीती वाटते की अंग सोलून नेतील आणि अंत्यदर्शनाला माणूस ओळखू येणार नाही. तसे होत नाही. मांड्या, पोटऱ्या आणि पाठ यांवरून कातडीचा फक्त वरचा अगदी पातळ थर घेतात. रक्त वाहत नाही, आणि वर पट्ट्या बांधून देतात. मुरूड किंवा श्रीवर्धनहून सहा तासांचे गणित सोपे नाही, हे खरे. म्हणून घरात बोलणे आधी झालेले असावे आणि पेढीचा दूरध्वनी लिहून ठेवलेला असावा. ही कातडी ग्लिसरॉलमध्ये कित्येक वर्षे टिकते. ज्याला ती लावतात त्याच्या अंगावर ती कायमची राहत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत शरीर तिला ओळखते आणि ती सुटून पडते. तेवढ्या अवधीत जखम झाकलेली राहिली, जंतू आत शिरले नाहीत, रोगी दोन घास खाऊ लागला, तर त्याच्या स्वतःच्या अंगावरल्या थोड्याशा चांगल्या कातडीचे पातळ तुकडे घेऊन डॉक्टर तिथे लावू शकतात, आणि ते धरतात.